दुसरी मूठ

भवानीनगरात कुणालाही विचारा, बालवाडीच्या करुणाबाई रणदिवे म्हणजे एक नंबरची भित्री बाई. वीज कडाडली की कानात बोटं, रस्त्यात वळू दिसला की दुसऱ्या गल्लीनं. बालवाडीतली पोरं रबराची पाल टाकून तिला घाबरवायची आणि ती दरवेळी तितक्याच मनापासून किंचाळायची. तेव्हा पुढं तिनं जे केलं ते मोठ्या धाडसानं केलं, असं कुणी सांगायला लागलं तर बिलकूल ऐकू नका. तिनं ते भीतीपोटीच केलं.

साल नव्याण्णव. मे महिना सरता सरता टीव्हीवर कारगिलचे बोडके डोंगर दिसायला लागले, तोफा दिसायला लागल्या. करुणाचा थोरला सुमित त्या डोंगरांत कुठंतरी होता. नेमका कुठं, ते देवालाच ठाऊक. शेवटचं पत्र आलं होतं त्याला वीस दिवस होऊन गेले होते. त्यात चारच ओळी, "वरती निघालोय, काळजी करू नका, पप्पांनी गोळी वेळेवर घ्यावी, मोनालीनं माझ्या सायकलला हात लावू नये." मोनाली म्हणजे धाकटी बहीण. बातम्या लागल्या की करुणा मोरीत जायची आणि बादलीत नळ सोडायची, म्हणजे काही ऐकू येऊ नये. बादली भरली की बाहेर येऊन नवऱ्याला विचारायची, "काय म्हणाले हो?"

नवरा सत्यवान. नाक्यावर त्याचं मोटारी भरायचं दुकान. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडं आणून टाकायचे, तो त्या उघडून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. कमी बोलणारा माणूस. म्हणायचा, "काही नाही. आपली पोरं पुढं सरकतायत." पुढं सरकतायत म्हटलं की करुणा पुन्हा मोरीत जायची. मागं सरकतायत म्हटलं तरी गेली असती.

सुमित भरती झाला तो एकटा नव्हे. कालव्यापलीकडच्या भापकर वस्तीवरचा युवराज त्याच्याबरोबर होता. दोघं पहिलीपासून एका बाकावर, पुढं एकाच सायकलवर, आणि बारावी झाल्यावर एकाच दिवशी पुण्याला भरतीच्या रांगेत. नाताळला करुणा करंज्या करायची तेव्हा युवराज डबाच उचलून न्यायचा आणि चार दिवसांनी रिकामा, घासून परत आणून द्यायचा. पलटणी मात्र दोघांना वेगवेगळ्या मिळाल्या, तरी आता दोघंही त्याच डोंगरांत होते.

आता मुठीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

बारामतीत ख्रिस्ती मंडळींचं एक लहानसं देऊळ आहे. हो, ही माणसं आपल्या प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणतात. तिथल्या बायकांची एक रीत, बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेली. करुणाच्या सासूबाई, चतुराबाई, त्या सुरू करणाऱ्यांतल्या एक. रोज सकाळी भाकरीला पीठ घ्यायच्या आधी ज्वारीच्या डब्यात हात घालायचा, एक मूठ काढायची, ज्याच्यासाठी देवाजवळ मागायचं त्याचं नाव घ्यायचं आणि मूठ पिशवीत टाकायची. सात दिवसांच्या सात मुठी. रविवारी पिशवी देवळात न्यायची, वर नावाची चिठ्ठी. ज्वारी जायची ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याच्याकडं, आणि चिठ्ठी जायची आबाजी साळव्यांच्या हातात. आबाजी देवळातले सगळ्यांत म्हातारे. चिठ्ठ्या उघडून मोठ्यानं वाचायच्या, आणि एकेका नावासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. नियम एकच, जे लिहिलंय ते वाचायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, कुणी लिहिलं ते विचारायचं नाही.

सुमित वर गेल्यापासून करुणाची मूठ त्याच्या नावाची. पिशवी त्याच्याच शाळेच्या जुन्या खाकी चड्डीची शिवलेली.

जूनमधल्या एका सकाळी तिचा हात असाच डब्यात होता आणि बाहेरून सत्यवान म्हणाला, "काल रात्री त्यांची बारा पोरं पडली म्हणे."

"बरं झालं," करुणा म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. वर "आणखी पडू देत" असंही म्हणाली.

आणि मग हात डब्यातच राहिला. तिला एकाएकी वाटलं, तिकडंही एक बाई अशीच डब्यात हात घालून उभी असेल. ज्वारी नसेल, गहू असेल. तिलाही कुणीतरी बाहेरून सांगत असेल, त्यांची इतकी पडली. आणि तीही म्हणत असेल, बरं झालं. म्हणजे माझ्या सुमितला. दोघी एकाच वेळी एकाच देवाच्या कानाशी ओरडायला लागल्या तर त्यानं ऐकायचं कुणाचं? तिचा आवाज माझ्याहून मोठा असला तर?

वैऱ्यावर माया करावी हे करुणानं देवळात शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि तेव्हा तिच्या मनात घरी डाळ भिजत घातली का नाही हेच असायचं. त्या सकाळी तिला माया-बिया काही आली नाही. तिला भीती वाटली. तिनं घाईघाईनं दुसरी मूठ काढली आणि म्हणाली, "देवा, त्याच्या समोर जो कोणी असेल, त्यालाही राख. दोघांनाही राख. दोघांच्या बंदुका अडकू देत, पाय घसरू देत, काहीही कर, पण दोघं घरी जाऊ देत." दुसरी पिशवी नव्हती. चतुराबाईंच्या जुन्या लुगड्याचा एक हिरवा तुकडा ट्रंकेत होता, त्याची तिनं हातानं टाके घालून पिशवी केली.

सात मुठी भरल्या. रविवारी तिनं दोन्ही पिशव्या देवळात ठेवल्या. आबाजींनी चष्मा नाकावर ढकलला आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. कुणाचा दमा, कुणाची परीक्षा, कुणाची न नांदणारी लेक. मग "सुमित". मग त्याच सुरात, त्याच संथपणानं आबाजींनी वाचलं, "सुमितच्या समोरच्या बंदुकीमागं जो आहे तो."

देवळात एकाएकी सगळ्यांना खोकला आला. देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तेही खोकले. प्रार्थना मात्र झाली, कारण नियम म्हणजे नियम.

इथपर्यंत सगळं घरातलं घरात राहिलं असतं. पण लीलाबाई होत्या ना! लीलाबाई म्हणजे सोन्यासारखी बाई, पण ऐकायला कमी यायचं, आणि कमी ऐकणारी माणसं बोलतात मात्र जगाला ऐकू जाईल असं. परतीच्या लाल गाडीत त्या करुणाच्या शेजारी बसल्या आणि कौतुकानं त्यांचा ऊर भरून आला.

"काय काळीज गं तुझं करुणा!" त्या ओरडल्या. "पोटचा पोरगा तिकडं, आणि तू पाकिस्तानच्या शिपायासाठी प्रार्थना करतीस! त्याच्या नावानं ज्वारी घालतीस!"

"हळू बोला हो," करुणानं त्यांचा दंड दाबला.

"हळू कशाला? अभिमानाची गोष्ट आहे! ती हिरवी पिशवी बघून मला तर रडूच आलं!"

गाडी भरलेली होती. कंडक्टरचा चिमटा तिकिटावरच थांबला. पुढच्या बाकावरच्या दोन फेट्यांनी मान वळवली आणि पुन्हा पुढं केली. भवानीनगर येईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही.

सोमवारी बालवाडीत बावीसची सतरा पोरं आली. मंगळवारी अकरा. बुधवारी छकुली आली नाही तेव्हा करुणाचं धाबं दणाणलं. छकुली ही दत्तोबा भापकराची नात, ताप असला तरी बालवाडी न चुकवणारी. करुणा किराणा आणायला गेली तर दुकानातल्या बायका गप्प झाल्या. हिरव्या पिशवीचा तोवर हिरवा झेंडा झाला होता. कुणी म्हणे, तिनं तो देव्हाऱ्यात ठेवलाय. ख्रिस्ती माणसाच्या घरात देव्हारा कुठला, एवढं तरी डोकं चालवायचं! पण अफवेला डोकं असतं तर ती अफवा कशाला राहिली असती? संध्याकाळी मोनाली शाळेतून रडत आली. तिच्या दप्तरावर कुणीतरी खडूनं चांदतारा काढला होता. करुणानं ओल्या फडक्यानं पुसला. पुसला तरी पुसट दिसत राहिला, मग तिनं दप्तरच भिजत घातलं.

गुरुवारी दुपारी दत्तोबा दुकानावर आला. मागं आठ-दहा जण. हा दत्तोबा म्हणजे युवराजचा चुलता. भाऊ वारल्यावर भावजयीला, म्हणजे ठमाबाईला आणि पोराला त्यानंच सांभाळलेलं. उसाचा मोठा बागायतदार, आवाज भरदार, आणि आठवडाभर जवानांसाठी निधी गोळा करत हिंडत होता. करुणा सत्यवानाचा जेवणाचा डबा घेऊन आलेली, तिथंच सापडली.

"करुणाबाई, तुमी आमच्या पोरास्नी शिकवता," दत्तोबा म्हणाला. "तुमच्याबद्दल वंगाळ ऐकाया बरं वाटत न्हाय. हिरवी पिशवी हाय का न्हाय?"

"सासूबाईंच्या लुगड्याची आहे हो ती, तात्या."

"लुगड्याचं इचारलं न्हाय. हाय का न्हाय?"

"आहे."

मागची माणसं कुजबुजली. एकानं पायानं उघडी पडलेली मोटार जराशी हलवली. सत्यवान उठून उभा राहिला, त्याच्या हातात तारेचं भेंडोळं होतं, ते हळूहळू सुटत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"तिकडं आमची पोरं छातीवर गोळ्या झेलत्यात," दत्तोबा म्हणाला, "आन् हितं तुमी मारणाऱ्याच्या नावानं दाणं टाकताय?"

"तात्या, माझाही पोरगा तिथंच आहे."

"म्हणून तर म्हंतोय! आवो, त्यो वाचला तर गोळी कुणाला घालंल? तुमच्याच पोराला! न्हायतर आमच्या युव..." दत्तोबाचा आवाज मधेच चिरकला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. करुणाला त्या क्षणी कळलं, हा माणूसही आपल्याइतकाच भ्यालाय. आणि भ्यालेला माणूस काय करील याचा नेम नसतो, म्हणून तिला आणखीच भीती वाटली.

"ऐका," दत्तोबा म्हणाला. "येत्या रविवारी देवळात एकच पिशवी जाईल. आपल्या पोरांची. माझी दोन माणसं गाडीत असत्याल, देवळाच्या दारात बी असत्याल. हिरवी पिशवी दिसली तर सत्यवानराव, नाक्यावर हे दुकान ऱ्हानार न्हाय. घराचं मी सांगत न्हाय. मागनं म्हणू नका, सांगितलं न्हाय म्हणून."

घरी आल्यावर सत्यवान बराच वेळ हात धूत राहिला. "टाक की एकच," शेवटी तो म्हणाला. "मनात काय ते म्हण. मनात कोण डोकावतंय?" बारामतीहून पाळकसाहेबांचा फोन शेजाऱ्यांकडं आला, तेही तेच म्हणाले, "बाई, एक रविवार आपण गप्प राहिलो तर देव काही रुसत नाही."  मोनाली दोन दिवस जेवलीच नव्हती नीट.

करुणानं ऐकलं. का नाही ऐकणार? शुक्रवारी तिनं एकच मूठ टाकली. हिरवी पिशवी फळीला लोंबत होती, तिच्यात पाच मुठी पडल्या होत्या. भाकरी थापताना तिचं लक्ष सारखं फळीकडं जाई. आजवर त्या समोरच्या माणसाचा हात आपण धरून ठेवला होता, असं तिला वाटायला लागलं. आता सोडला. आता तो हात मोकळा झाला, आता तो घोड्यावर बोट ठेवील. मूठ टाकावी तर दुकान जातंय, न टाकावी तर पोरगा जातोय. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे करुणासारखी बाई, जिला रबराची पालसुद्धा सोसत नव्हती. शनिवारीही तिनं एकच टाकली. टाकली आणि तोंडावर पदर दाबून रडली.

त्याच शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बालवाडीच्या दारात जीप थांबली.

पोरं सातच होती. करुणा त्यांना चिमणीचं गाणं शिकवत होती. जीपमधून एक गणवेशातला माणूस उतरला, बरोबर गावचा पोलीसपाटील. करुणानं पोलीसपाटलाचा चेहरा बघितला. असा चेहरा घेऊन माणूस एकाच कामाला येतो. तिनं भिंत धरली. पोरं गाणं म्हणतच होती. गणवेशातला माणूस दारापाशी आला, त्यानं टोपी काखेत घेतली, कागद उलगडला. कागद उलगडायला किती वेळ लागावा? तेवढ्यात करुणानं सुमित जन्मल्यापासूनचा आठवून काढला.

"बाई," तो म्हणाला, "भापकर वस्ती कुठली? युवराज भापकर यांच्या मातोश्री..."

"देवा, तुझे उपकार!" करुणा म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. पोलीसपाटलानं ऐकलं. तिचं तिलाही ऐकू आलं, पण शब्द सुटला तो सुटला. मग तिनं हात वर केला आणि बोटानं दाखवलं, कालव्यावरचा पूल ओलांडून डावीकडं, चिंचेच्या पलीकडचं पहिलं घर. जीप गेली. करुणा पोरांच्या मधे खाली बसली. आपण ठमाबाईचं घर बोटानं दाखवलं, हे तिला बऱ्याच वेळानं उमगलं, आणि मग तिला उलटी झाली.

गावाला कळायला काय वेळ लागतोय! तासाभरात दुकानं बंद झाली. सत्यवान घरी आला, दाराला आतून कडी घातली. "आता म्हणतील, तुझ्या हिरव्या पिशवीनं मारला," तो म्हणाला.  "मोनालीला घेऊन इंदापूरला जा, माझ्या बहिणीकडं. आत्ताच जा." करुणा पिशवीत कपडे भरायला लागली. काय भरतेय ते तिला दिसत नव्हतं. एक परकर आणि दोन उशांचे अभ्रे तेवढे भरले.

दुपारी दोनला दारात मोटरसायकल थांबली. कडी वाजली. सत्यवानानं फटीतून पाहिलं आणि मागं सरला. दत्तोबा होता, एकटाच. डोळे लालभडक.

"वैनीनं बोलावलंय," तो करुणाला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"मी येतो बरोबर," सत्यवान म्हणाला.

"फकस्त बाईला बोलावलंय."

सत्यवान करुणाच्या कानाशी लागला. "विचारलं तर सरळ सांग, ती चिठ्ठी माझी नव्हतीच. आबाजींनी चुकीचं वाचलं म्हणावं. म्हाताऱ्याला दिसत नाही. कळलं?" करुणानं मान हलवली. मोनाली तिच्या पदराला धरून होती, ती बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दत्तोबानं तिला मोटरसायकलवर मागं बसवलं. कालव्याच्या पुलावर आले तेव्हा खाली पाणी भरून वाहत होतं. हा इथंच थांबेल, असं करुणाच्या मनात आलं, इथंच मला खाली उतरवील. तिनं डोळे मिटले. गाडी पूल ओलांडून गेली, चिंचेखालून गेली आणि आकांताच्या आवाजात जाऊन थांबली.

अंगणात माणसंच माणसं. युवराजला आणायला अजून दोन दिवस लागणार होते, पण तालुका आत्ताच लोटला होता. करुणाला बघून पुरुष गप्प झाले. ती घरात शिरली आणि बायकांचं रडणंही एकदम थांबलं, ते तिला सगळ्यांत भयंकर वाटलं. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. कपाळ पांढरंफटक, केस सुटलेले.

"हितं बस," ती म्हणाली. "माझ्यापाशी."

करुणा बसली. 

"तू म्हणं मारणाऱ्याच्या नावानं बी मूठ टाकतीस. खरं का?"

चिठ्ठी माझी नव्हती. आबाजींना दिसत नाही. दोन वाक्यं, पाठ करून आणलेली. दत्तोबा दाराच्या चौकटीत उभा होता. करुणानं तोंड उघडलं, पण त्या बाईच्या कोरड्या डोळ्यांत बघून खोटं काही बाहेर येईना.

"खरं आहे, ठमाक्का."

कुणीतरी मागं हुंदका दिला, कुणीतरी शिवी दिली. ठमाबाईनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

"आन् तुझ्या सुमितच्या नावानं?"

"ती तर रोजची."

"म्हंजी दोन मुठी झाल्या. माझ्या युवराजच्या नावाची कोन टाकत व्हतं?"

करुणाला वाटलं, आपल्या छातीत कुणीतरी हात घातला. आपल्या पोराला एक मूठ टाकली. ज्याचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, त्याला एक टाकली. आणि जो दहा वर्षं आपल्या घरात जेवला, करंज्यांचा डबा घासून आणून द्यायचा, त्याचं नाव एकदाही ओठावर आलं नाही. एकदाही नाही. आणि आज आलं तेव्हा आपण काय म्हणालो?

"नाही टाकली, अक्का," ती म्हणाली. "मला सुचलंच नाही. आणि सकाळी जीप तुमच्याकडं वळली तेव्हा मी देवाचे उपकार मानले. मोठ्यानं मानले. पाटलांनी ऐकलंय."

 करुणा मान खाली घालून वाट बघत राहिली. आता मारतील, तिला वाटलं, आणि मारलं तर बरं होईल.

"म्या बी मानलं असतं," ठमाबाई म्हणाली. "कुनी बी मानलं असतं."

मग तिनं कोनाड्यातल्या देव्हाऱ्याकडं बोट केलं. तिथली समई विझलेली होती.

"म्या रोज तिन्हीसांजचा दिवा लावताना दोगांची नावं घ्यायची. आधी युवराज, मग सुमित. पोरं जोडीनं गेल्याली, एकाचंच कसं घ्यावं? एक दिस खाडा न्हाय केला." तिचा आवाज आता कुठं हलायला लागला. "आता घरात सुतक पडलं. तेरा दिस माझ्या घरात देवाला दिवा न्हाय. तेरा दिस तुझ्या सुमितचं नाव कोन घील? म्हणून बोलावलं तुला. तेवढे दिस तू दोन बारीला घे. एक तुझं, एक माझ्या वाटचं. पोरगं अजून वर हाय, बाई. खाडा करू नको."

करुणा तिच्या मांडीवर कोसळली आणि ओरडून रडली. मग ठमाबाईलाही रडू फुटलं, आणि मग सगळं घर पुन्हा रडायला लागलं. चौकटीतला दत्तोबा तोंड फिरवून बाहेर गेला.  परत सोडताना पुलावर तो म्हणाला, "घट्ट धरा, बाई. खड्डं हायत." बाकी धमकीचं, पिशवीचं तो काही बोलला नाही, आणि करुणाची विचारायची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी सत्यवानानं तिला पिशव्या भरताना पाहिलं. "किती नेतेस?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो दुकानाची किल्ली खुंटीवर अडकवून तिच्याबरोबर निघाला.

दत्तोबानं लावलेली दोन माणसं गाडीत होतीच. सुतकाच्या गडबडीत त्यांना माघारी बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, का बोलवायचंच नव्हतं, कोण जाणे. बारामतीत देवळाच्या दाराशी दोघं आडवे उभे राहिले. त्यातला बिरू नावाचा तरणा गडी पुढं झाला.

"पिशव्या दाखवा," तो म्हणाला. "तात्यांनी मोजाया सांगितल्यात."

करुणानं पिशव्या पुढं केल्या. "मोज," ती म्हणाली. खाकी एक. हिरवी एक. आणि तिसरी, पांढऱ्या फडक्याची, गाठ मारलेली. हिरवी भरलेली नव्हती, पाच मुठींचीच. शुक्रवार-शनिवारचा खाडा तिनं लपवला नव्हता.

बिरूनं पुन्हा मोजल्या. दोन असल्या तर अडवायचं असं त्याला सांगितलेलं होतं. तीनचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

"तिसरी कुणाची?" त्यानं विचारलं.

"ठमाबाईंच्या नावाची."

त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बिरू बाजूला झाला, दुसऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. करुणा आत जाऊन पुढच्या सतरंजीवर बसली. आपण आत आलो यावर तिचा विश्वास बसत नव्हता. आबाजींनी चष्मा नाकावर ढकलला आणि नेहमीच्या संथपणानं वाचत गेले. खाकी पिशवीच्या चिठ्ठीवर सुमितचं नाव दोनदा होतं, त्यांनी दोनदा वाचलं. सुमितच्या समोरच्या बंदुकीमागं जो आहे तो, हेही वाचलं. मग शेवटची चिठ्ठी उघडली.

"ठमाबाई भापकर. त्यांच्या घरी तेरा दिवस दिवा नाही."

या वेळी कुणीच खोकलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. करुणानंही डोळे मिटले, आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर जीपचा आवाज आला. तिनं सत्यवानाचा हात धरला. आवाज जवळ आला, दारावरून पुढं गेला, आणि अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.